लिही गं, जमिला

जमिलाकडं माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, त्या दिवशी माझा घसा बसला होता. कन्नडच्या शाळेत मी सहावीची वर्गशिक्षिका होते. साल चौऱ्याण्णव असावं, कारण शाळेला नवे बाक आले ते त्याच वर्षी. हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. पहिल्या बाकावर एक काटकुळी मुलगी बसायची. तेलानं चापून बसवलेल्या दोन वेण्या, आणि बाहीला कायम कापसाचा तंतू चिकटलेला. मी हजेरीपट तिच्या हातात दिला आणि खुणेनंच ‘वाच’ म्हटलं.

तिनं पट उघडला, एकवार बघितला, मिटून माझ्या टेबलावर ठेवला आणि वर्गाकडं तोंड करून बाकांच्या क्रमानं नावं घ्यायला लागली. नाव, वडलांचं नाव, आडनाव. पन्नासाच्या वर पोरं होती, कुठं अडखळली नाही. शेवटच्या बाकाशी मात्र तिनं असं एक नाव घेतलं की मी ते पटात शोधतच राहिले.

“ती पटावर नाय, बाई,” जमिला म्हणाली. “साखर कारखान्यावर तोडीला आलेल्यांची हाय. पण रोज येती.”

खरंच येत होती. दोन आठवडे ती पोरगी माझ्या वर्गात बसत होती आणि मी तिला शेजारच्या तुकडीतली समजत होते.

जमिलाचे वडील मुख्तारभाई पिंजारी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं कापूस पिंजायचं दुकान होतं, दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. लोक जुन्या गाद्या आणून टाकायचे आणि पिंजून, नव्यानं भरून घेऊन जायचे. मुख्तारभाईंना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं कोणत्या गठ्ठ्यावर कुणाचं नाव अशी भानगडच नव्हती. सगळं पोरीच्या डोक्यात. “ही पाटलाची, ही सोनाराच्या सुनेची, ही मास्तरांची, हिच्यात ढेकूण हायेत.” मुलीला मराठी शाळेत कसं घातलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “गिऱ्हाईक मराठी बोलतं, बाई. उर्दू तर घरात हायेच.”

पुढं मी बदली होऊन शहरात आले, क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला घर केलं, आणि बऱ्याच वर्षांनी एका मेडिकलच्या दुकानात कुणीतरी माझ्या पाया पडलं. वेण्या गेल्या होत्या, अंगानं भरली होती, पण बोलणं तेच. लग्न होऊन पडेगावला राहत होती. नवरा हैदर टेम्पो चालवायचा. ती स्वतः वाळूजच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होती. टाइम ऑफिस म्हणजे फाटकाजवळची खोली. कामगार आत येताना तिथं हजेरी लागते. मी म्हटलं, “म्हणजे तू अजून हजेरीच घेतेस?” ती इतकी हसली की दुकानदार गोळ्या मोजायचा थांबला.

तिथल्या कामाचं ती रंगवून सांगायची. हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन होतं. पण वीस-पंचवीस वर्षं लोखंड घासून ज्यांच्या अंगठ्यावरच्या रेघाच पुसल्या गेल्यात, त्यांना मशीन ओळखायचं नाही. लाल दिवा लागायचा. अशांसाठी जमिलानं एक लांबोळकी वही केली होती. तिचं नावच ‘हाताची वही’. लाल दिवा लागला की माणूस खिडकीशी वाकायचा आणि म्हणायचा, “लिही गं, जमिला.” की ही चेहरा बघून नाव टिपायची. नऊशे माणसांत तिनं कधी कुणाला नाव विचारलं नाही. त्यामुळं फाटकावर तिचा मोठा दरारा. सुपरवायझरला उलटून बोलणारे बाप्येसुद्धा तिनं खिडकीतून “रांग” एवढं म्हटलं की रांगेत उभे राहायचे.

आता मूळ गोष्टीकडं येते. दोन हजार अठराच्या जानेवारीत त्या कारखान्याला पंचवीस वर्षं झाली. मोठा कार्यक्रम ठरला. जर्मनीहून मुख्य साहेब येणार होते, आणि सगळा सोहळा कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत आणि परदेशातही तिथल्या तिथं पडद्यावर दिसणार होता. निवेदनाला पुण्याहून एक नावाजलेल्या बाई बोलावल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, घसा पार बसलाय.

संध्याकाळी सहाला जमिला आमच्या दारात. चपला एकावर एक पडलेल्या, हातात फाईल.

“बाई, लई घोळ झाला.”

मी पाणी दिलं. ते तिनं हातातच धरून ठेवलं.

“आमचे सोनवणेसाहेब म्हणले, जमिला, उद्या तूच कर.” हे बद्रीनाथ सोनवणे म्हणजे तिथले पर्सोनेल ऑफिसर. भला माणूस, पण कायम घाईत. “मी म्हणलं, साहेब, मला कुठं येतंय. तर म्हणले, गेटवरच्या स्पीकरवरनं तूच बोलतीस ना, मग? अवो, गेटवर मी काय बोलते? ‘बस नंबर चार पुढं घ्या’! आता उद्या अकरा वाजता सगळी दुनिया बघणार.”

“दुनियेचं सोड,” आमचे हे पेपरामागून म्हणाले. “जर्मनीत तुला कोण ओळखतंय?”

“जर्मनीचं नाय हो, काका.” पाण्याचा पेला तिनं खाली ठेवला. “जर्मनीवाले परवा जातील. मला परवा सकाळी त्याच खिडकीत बसायचंय. नऊशे लोकं माझं ऐकतात, कारण मी कधी चुकत नाय. उद्या एकदा मी स्टेजवर बावळट दिसले ना, परवापासून ‘रांग’ म्हणलं की हसतील. मग मी काय करू?”

यावर ह्यांनी पेपर घडी करून ठेवला.

मी मात्र कामाला लागले. आयुष्यभर गॅदरिंगं बसवलेली. मला हुरूपच आला. पान दोन पानं करता करता चार पानं झाली. प्रारंभी सुस्वागतम्, मग दीपप्रज्वलन, मग उद्योगाचा वटवृक्ष, मग श्रमाचे मोती, मग मान्यवरांचं शब्दसुमनांनी स्वागत. जमिलानं उभं राहून वाचायला घेतलं. वटवृक्षापर्यंत कशीबशी आली आणि श्वास संपला. परत सुरुवात. या वेळी मोती वृक्षावर गेले. तिसऱ्या वेळी ह्यांनी हात वर केला.

“पोरी, हे तू बोलतीयेस का आमच्या बाईसाहेब?”

“बाई बोलतायत,” जमिला म्हणाली, “मी नुसती घाम पुसतीय.”

मला थोडं लागलं, पण मी म्हटलं, सवयीनं जमेल. चुकलंच ते माझं. तिला मोडकीतोडकी तयारी हवी होती, पण स्वतःची. मी तिला माझी पैठणी नेसवायला निघाले होते. तसं मी तेव्हा बोलले मात्र नाही. चारही पानं तिच्या फाईलीत घातली आणि सकाळी उठून धड्यासारखं पाठ कर, असं बजावून तिला धाडली. जाताना ती म्हणाली, “बाई, उद्या तुम्ही या. समोर एक ओळखीचं तोंड पायजे.”

“नऊशे ओळखीचीच आहेत की.”

“तीच तर भीती हाय.”

सकाळी हैदर मला न्यायला टेम्पो घेऊन आला. पुढच्या सीटवर चादर अंथरली होती. तिला पहाटेच सोडून आला होता. मी विचारलं, “काय म्हणते जमिला?”

“क्या बोलूं, बाई. आईने के सामने चला उसका. वो वटवृक्ष मेरेकू पाठ हो गया, उसकू नई हुआ.” आणि नगर नाक्यापर्यंत त्यानं मला माझीच दोन पानं म्हणून दाखवली. एकही चूक नाही.

कारखान्याच्या मोकळ्या अंगणात मांडव घातला होता. कामगार, त्यांच्या बायका, पोरं. मी तिसऱ्या रांगेत बसले. व्यासपीठाच्या एका कडेला जमिला उभी. अंगावर मोरपंखी पंजाबी ड्रेस, ओढणीला दोन जागी पिना, हातात माझी पानं. खाली एक दाढीवाला मुलगा कानाला यंत्र लावून एकेक बोट मिटत होता. तीन, दोन, एक. कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागला.

जमिलानं पहिल्या पानाकडं बघितलं.

मी मनात म्हटलं, सुस्वागतम्. सुस्वागतम् म्हण. तिचे ओठ हलले, पण काही आलं नाही. सोनवणेसाहेबांनी घड्याळ बघितलं. मागं खुर्च्या कमी पडल्या होत्या, दीड-दोनशे माणसं मांडवाच्या तोंडाशी उभी होती, ढकलाढकल चालली होती. जमिलानं पानावरून नजर उचलली ती नेमकी तिथं गेली. आणि तिच्या तोंडून निघालं,

“मागच्यांनी गेट अडवू नका. जनरल शिफ्ट डावीकडं, फर्स्ट शिफ्ट उजवीकडं. लेकरंवाले पुढं सतरंजीवर. रांग.”

अर्ध्या मिनिटात मांडव बसला. नऊशे माणूस, आवाज नाही. जर्मन साहेबांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. जमिलानं माझी पानं दुमडून फुलदाणीखाली सारली. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण मोकळंही वाटलं.

पुढचा कार्यक्रम तिनं आपल्या भाषेत रेटला. “आता साहेब दिवा लावतील. वारा हाय, वेळ लागेल, बसून ऱ्हावा.” वेळ लागलाच. लोक खुशीत होते.

मग मुख्य भाग आला. कारखाना उघडल्या दिवसापासून काम करणारे एक्केचाळीस जण, त्यांचा सत्कार. प्रत्येकाला स्मृतिचिन्ह. मनकर्णाबाई नावाच्या एक वयस्कर झाडूवाल्या बाई पाहुण्यांच्या शालींचं तबक धरून पायऱ्यांशी उभ्या होत्या. यादी हेड ऑफिसनं छापून पाठवली होती, आडनाव आधी आणि पुढं नुसती अक्षरं.

“जाधव आर. के.,” जमिलानं वाचलं.

तीन माणसं उठली. तिघंही व्यासपीठाकडं निघाली, आणि पायरीशी एकमेकांना बघून थांबली.

“तू कुठं?”

“मीच आर. के.”

“मग मी कोण?”

मांडव हसायला लागला. जमिलानं यादीत खाली बघितलं. पुढच्या दोन ओळींतही जाधव आर. के.च होते. तिनं यादी मिटली आणि खूप वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर पट ठेवला होता तशी शेजारच्या टेबलावर ठेवून दिली.

“रावसाहेब कचरू जाधव, प्रेस शॉप, तुम्ही या. रामकिसन काशिनाथ, पेंट शॉप, त्यांच्या मागं. रतन कोंडिबा, तुम्ही तिसरे. गडबड नाय.”

आणि तिथून पुढं तिनं कागद बघितलाच नाही. कंपनीच्या बस ज्या क्रमानं फाटकात येतात, त्या क्रमानं नावं. कन्नडची बस, मग पैठणची, मग गंगापूरची. नाव, बापाचं नाव, गाव, खातं. प्रत्येक माणूस आपलं अख्खं नाव भोंग्यावरून ऐकत पायऱ्या चढत होता. कारभारी नावाचे एक फोर्जिंगमधले आजोबा वर आले, जर्मन साहेबांच्या हातून स्मृतिचिन्ह घेतलं आणि माइकशी वाकून म्हणाले, “लिही गं, जमिला.” त्यावर जो हशा झाला, तो परदेशातल्या पडद्यावर कसा दिसला असेल कोण जाणे. नंतर प्रत्येक जण तेच म्हणायला लागला.

बस संपल्या. शेवटी वाळूज गावातून पायी येणारा एकच उरला होता.

“कडूबा गणपत, बॉयलर, वाळूज गाव, पायी.” बॉयलर आधी पेटवावा लागतो, म्हणून हे कडूबा रोज सगळ्यांच्या आधी येतात. कडूबा वर गेले, एक्केचाळिसावं स्मृतिचिन्ह घेतलं. आणि जमिलानं त्याच दमात पुढचं नाव घेतलं.

“मनकर्णाबाई विठ्ठल, सफाई, वाळूज गाव, पायी.”

सोनवणेसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

मनकर्णाबाई कंत्राटाच्या कामगार. कंपनीच्या पटावर त्यांचं नाव नव्हतंच, त्यामुळं यादीतही नव्हतं. पण कारखान्याला छप्पर नव्हतं तेव्हापासून त्या तिथं झाडत होत्या. शिफ्ट सुरू व्हायच्या आत झाडून व्हावं म्हणून पहाटे कडूबांच्या सोबतीनं चालत यायच्या. फिनेलनं अंगठा इतका गुळगुळीत झालेला की मशीननं त्यांना एकदाही ओळखलं नव्हतं. हाताच्या वहीत रोज कडूबांच्या खाली त्यांचं नाव. जमिलाच्या डोक्यात कडूबा म्हटलं की पुढं मनकर्णाबाई येणारच.

चूक तिला कळली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. पाठीमागच्या टेबलावर आता नुसतं पांढरं कापड होतं, स्मृतिचिन्हं संपली होती. ‘चुकून नाव घेतलं’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मनकर्णाबाईंनी तोवर तबक पायरीवर ठेवलं होतं, पदराला हात पुसले होते, आणि आपलं नाव भोंग्यावर ऐकून त्या वर निघाल्या होत्या. व्यासपीठाच्या मधोमध आल्या, साहेबांकडं बघितलंच नाही. जमिलाकडं वळल्या आणि रोज सकाळी खिडकीशी दाखवतात तसा उजव्या हाताचा अंगठा वर केला.

जर्मन साहेबांना वाटलं, बाई शाबासकी देतायत. त्यांनीही आपला अंगठा वर केला.

असा हशा मी कुठल्याही गॅदरिंगमध्ये ऐकला नाही. दाढीवाला मुलगा कानाचं यंत्र काढून हसत होता. सोनवणेसाहेबसुद्धा हसले, आणि हसता हसता परत बसले.

तेवढ्या वेळात जमिलाची नजर पायरीवरच्या तबकाकडं गेली. एक शाल आणि एक नारळ शिल्लक होता. आपल्याकडं आभारप्रदर्शनाच्या आधी निवेदकाचाही सत्कार करायची पद्धत असते, त्यासाठी ते ठेवलेलं. वर चिठ्ठी होती: ‘निवेदिका, पुणे’. जमिला खाली उतरली, चिठ्ठी काढून मुठीत घेतली, शाल-नारळ जर्मन साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी शाल मनकर्णाबाईंना पांघरवली. उलटी पांघरवली. मनकर्णाबाईंनी ती तिथंच काढून नीट घेतली आणि मगच नारळ स्वीकारला.

“लिहिलं, मावशी,” जमिला माइकवर म्हणाली.

कार्यक्रमपत्रिकेत पुढं ‘निवेदिकेचा सत्कार’ असं होतं. तिथं आल्यावर तिनं वर न बघता सांगितलं, “हे झालंय,” आणि आभाराकडं वळली.

कार्यक्रम आटोपल्यावर सोनवणेसाहेबांनी तिला बाजूला घेतलं. मी जवळच होते.

“मनकर्णाबाई आपल्या रोलवर नाहीत, जमिला.”

“माझ्या वहीत हायेत, साहेब.”

“वहीत अजून किती जण आहेत असे?”

“पंचवीस वर्षांचं अजून कुणी नाय. वीस वर्षांचे सहा हायेत.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, “पुढच्या वेळी यादी छापायच्या आधी मला ती वही दाखव.”

परतीच्या वाटेवर टेम्पोत ती हैदर आणि माझ्या मध्ये बसली होती. हैदर खूष, पण हिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, “उद्या सकाळी बघू.” तिच्या दृष्टीनं परीक्षा अजून व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी सातलाच तिचा फोन आला. पहिल्या दोघांत मनकर्णाबाई होत्या. अंगठा ठेवला, लाल दिवा लागला, जमिलानं लिहिलं. मग पैठणच्या बसमधून उतरलेली पोरं खिडकीशी आली आणि तिच्याच आवाजात ओरडली, “मागच्यांनी गेट अडवू नका! लेकरंवाले पुढं!”

“मग?” मी विचारलं.

“मी म्हणलं, रांग.”

“मग?”

“लागली की, बाई.”

माझी चार पानं तिनं परत आणून दिली नाहीत. मी मागितलीही नाहीत. हैदरला मात्र ती अजून पाठ आहेत. ईदला गेलो की शिरखुर्म्याच्या वाटीबरोबर वटवृक्ष ऐकावा लागतो, आणि आमच्या ह्यांना त्याचं फार कौतुक. पुण्याच्या बाईंना कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही. दर वर्षीचं निवेदन आता जमिलाच करते. आदल्या संध्याकाळी ती मला फोन करते. मी काही लिहून देत नाही. “जेवलीस का?” एवढं विचारते.

मनकर्णाबाई कायम झाल्या नाहीत, कंत्राटातच दोन वर्षांनी थांबल्या. फाटकावर आता चेहरा ओळखणारं मशीन आलंय. ते अंगठ्याच्या मशीनपेक्षा बरं चालतं, पण पहाटेच्या अंधारात आणि हिवाळ्यात मफलर बांधलेल्या माणसांपुढं गोंधळतं. जमिला अजून त्याच टाइम ऑफिसात आहे. पहाटे सव्वापाचला ती खिडकी उघडते, आणि हाताची वही सध्या सतरावी चालू आहे.